घर नंतर, आधी डेक

श्रोतेहो, नमस्कार.

साठ-सत्तर वर्षांची लाकडी मोटर यॉट विकायला निघाली, की तिची किंमत ऐकून माणूस दोनदा विचारतो, नक्की एवढीच? झोपायच्या दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, सागवानी डेक, वर पितळी घंटा. मग डोक्यात किडा वळवळतो, की घ्यावी, दुरुस्त करावी आणि हिच्यातच राहायला जावं. हे वेड आहे असं मी म्हणणार नाही. मात्र घेतल्या घेतल्या लोक ओट्याची फरशी आणि पडद्यांचं कापड निवडायला बसतात, तिथे माझा जीव वरखाली होतो.

सगळ्यांना धास्ती असते ती खालच्या पाण्याची. लाकडी नौकेचा खरा वैरी वरून येतो, तो म्हणजे पाऊस. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला 20 टक्क्यांच्या वर ओल लागते आणि सोबत हवाही लागते. कायम बुडालेल्या फळीत ओल असते, पण हवा पुरेशी नसते. शिवाय खारं पाणी या बुरशीला मानवत नाही. पावसाचं गोडं पाणी डेकच्या सांध्यांतून, खिडकीच्या चौकटीखालून झिरपतं आणि वारा न पोचणाऱ्या कोपऱ्यात मुक्काम ठोकतं. पूर्वीचे काही जहाजबांधणीवाले सांगाड्याच्या पोकळ्यांत मुद्दाम मीठ भरत, ते याचसाठी. तेव्हा पहिलं काम नौकेवर ताडपत्रीचा मांडव घालायचा, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवून. दुसरं काम डेक. डेक गळतोय तोवर आत सुतारकाम करणं म्हणजे बुरशीला नवं लाकूड वाढून देणं.

तपासणीसाठी जाणकार सर्व्हेअर हवाच, विमा कंपनीही बहुधा त्याचा अहवाल मागते. पण हातोडी आणि मोच्याची टोकदार आरी घेऊन आधी आपणही फिरावं. चांगली फळी खणखणीत वाजते, कुजलेली बद्द. डेक आणि बाजू जिथे मिळतात ती कड, मागच्या सपाट भागाचे कोपरे, संडासाखालची जागा, इथे आरी टोचून पाहायची. लोण्यात गेल्यासारखी गेली, तर तिथे रंगाच्या थराखेरीज काही उरलेलं नाही.

मग फळ्या धरून ठेवणारे स्क्रू. पाण्याच्या पातळीखालचे दोन-चार काढून बघावेत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खारं पाणी त्यातलं जस्त हळूहळू खाऊन टाकतं आणि मागे तांब्याची सच्छिद्र जाळी राहते. बाहेरून स्क्रू धडधाकट दिसतो, आटेसुद्धा शाबूत असतात. कानशीने जरासं घासायचं. आत पिवळं दिसलं तर ठीक. गुलाबी दिसलं आणि पक्कडीत कट्‌कन मोडलं, तर ती फळी कशाच्या भरवशावर आहे हे सांगायला नको. ओकच्या लाकडात लोखंडी खिळे असतील तर भोवती निळे-काळे डाग पडतात. ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड यांचं कधीच जमत नाही. नवे स्क्रू ब्राँझचे घालावेत. कंटाळवाणं काम आहे, आणि झाल्यावर पाहुण्याला दाखवण्यासारखं काहीच नसतं.

जुनं कवच घेऊन त्याची घरगुती नौका करण्याचा उद्योग नवा नाही. टायटॅनिकवरून वाचलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरिष्ठ असलेल्या चार्ल्स लाइटोलरने ब्रिटिश आरमाराची 1912 सालची वाफेवरची लाँच घेतली, तिची मोटर यॉट केली आणि नाव ठेवलं सनडाउनर. दुसऱ्या महायुद्धात, 1940 मध्ये, फ्रान्सच्या डंकर्क बंदरात अडकलेलं सैन्य सोडवताना त्याने याच नौकेतून सुमारे 130 सैनिक इंग्लंडला आणले. लांबी 58 फूट! आधी खालची जागा भरली, मग डेकवर माणसं घ्यायला सुरुवात केली, आणि नौका डुलू लागल्याचं पायाला जाणवताच त्याने भरती थांबवली.

ते डुलणं राहायला जाणाऱ्यांनी विसरू नये. संसार मांडला की वजन वाढतं, आणि सोय म्हणून ते वरच चढतं. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, फ्रिज हे सगळं जमेल तितकं खाली आणि मध्यावर. वरच्या डेकवर वॉशिंग मशीन ठेवलेलं मी पाहिलंय. मालक खुशीत होते. मी चहा घेतला नाही.

गॅसचं थोडं कडक बोलतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर निदान दारातून काही बाहेर जाऊ शकतो. नौकेत तो तळाशी जाऊन साठतो, आणि तिथेच पंपाची ठिणगी पडते. सिलिंडर डेकवर, वेगळ्या बंद पेटीत, आणि पेटीच्या बुडातून थेट बाहेर जाणारी नळी. पेट्रोलच्या वाफेचंही तेच. जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

धक्क्यावरची वीज कायम जोडून ठेवली, तर अर्थिंगच्या तारेतून आपल्या नौकेचे धातू शेजारच्या नौकांच्या धातूंशी जोडले जातात आणि गंज जोरात सुरू होतो. मधे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे गंज आणणारा हा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण, बसवावं. इतर धातूंऐवजी आपणहून झिजणारे जस्ताचे ठोकळे लावतात, तेही बेताने. ते गरजेपेक्षा जास्त झाले तर ब्राँझच्या भागांभोवती अल्कली तयार होते आणि लाकूडच भुसभुशीत करते.

आतून फळ्यांना फोम चिकटवून ऊब आणण्याचा मोह होतो. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ त्याच्यामागे अडकते. बाजूंच्या आतल्या लाकडी अस्तरामागे फट राखावी, वर-खाली झरोके ठेवावेत. याबाबतीत राहती नौका रिकाम्या नौकेपेक्षा नशीबवान: उशीवर थेंब पडला की गळती त्याच रात्री कळते.

शेवटी नौका पाण्यात सोडणं. बराच काळ कोरड्यात राहिल्याने फळ्या आक्रसलेल्या असतात, फटी दिसतात. त्यांत सुती पेळू ठोकताना हात आवरावा. फळ्या भिजून फुगणारच आहेत. फटी गच्च भरल्या तर त्या फुगण्याच्या जोराने आतल्या बरगड्या मोडू शकतात. क्रेनचे पट्टे न सोडता तिला रात्रभर पाण्यात टेकवून ठेवावं, पंप चालू, एक माणूस जागा. आत झिरपणारं पाणी दर तासाला कमी होत गेलं पाहिजे. कमी होत नसेल, तर पट्टे अजून बांधलेलेच आहेत. वर उचला आणि फट शोधा.