एक अटक, दोन वर्ग

(पडद्यावर: टेबलावर एक पॅड. एक हात सावकाश पानं उलटतो. पानांचे रंग तीन.)

कुठल्या पानानंतर कुठलं पान येणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं आधीच ठरलेलं. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात काही पोलीस असा पॅड सोबत घेऊन गस्तीला निघायचे. घरातल्या मारहाणीची तक्रार आली, इजा गंभीर नाही आणि मारणारा अजून घरातच आहे, असं दिसलं की वरचं पान बघायचं. एका रंगाचा अर्थ अटक. दुसऱ्याचा अर्थ, त्या माणसाला आठ तासांसाठी घराबाहेर काढा. तिसऱ्याचा अर्थ, दोघांची समजूत घाला आणि परत या.

लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क या दोन अभ्यासकांनी हा प्रयोग आखला होता. एकूण ३१४ प्रकरणं झाली. पुढच्या सहा महिन्यांत कुणी पुन्हा हात उचलला, हे पोलिसांच्या नोंदींवरून मोजलं. ज्यांना अटक झाली होती त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के निघालं. समजूत घातलेल्यांमध्ये १९ टक्के, आणि घराबाहेर काढलेल्यांमध्ये २४ टक्के.

१९८४ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि काही वर्षांतच अनेक शहरांनी नियम बदलले. घरात मारहाण झाली असेल तर अटकच करायची. तोवर ‘हा त्यांचा घरगुती मामला’ म्हणून पोलीस दारातूनच परत जायचे. त्या काळात मार खाणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा बदल किती मोठा होता, हे विसरून चालणार नाही.

(पडद्यावर: वर्गातला फळा. कुणीतरी तीन आकडे लिहितं.)

फौजदारी न्यायाच्या वर्गात हा प्रयोग हटकून शिकवला जातो. हा विषय यंत्रणेचा आहे. तक्रार कशी नोंदवली जाते, अटकेला आधार काय लागतो, जामीन कुणाला मिळतो, आरोप कोण ठरवतं, शिक्षेनंतर माणूस कुणाच्या देखरेखीखाली जातो. कायद्याच्या पुस्तकात सगळं नेमकं लिहिलेलं असतं, तरी दारात उभ्या असलेल्या पोलिसाच्या हातात केवढी मोकळीक असते, हे इथेच पहिल्यांदा उमगतं. रंगीत पानांनी ती मोकळीकच काढून घेतली होती. म्हणून तर तुलना करता आली.

आता शेजारच्या वर्गात चला. समाजशास्त्राचा विद्यार्थी तेच तीन आकडे बघतो आणि विचारतो, अटक कुणाला झाली?

हा प्रश्न मिनिआपोलिसनंतर इतर शहरांत खरोखरच विचारला गेला. ओमाहा, शार्लट, मिलवॉकी अशा ठिकाणी तसेच प्रयोग झाले आणि उत्तरं एकसारखी आली नाहीत. मिलवॉकीत १९८७-८८ मध्ये बाराशे प्रकरणं तपासली गेली. तिथं दिसलं ते असं, की ज्याला नोकरी होती तो अटकेनंतर बराचसा थांबला. ज्याला नोकरी नव्हती, त्याची मारहाण अटकेनंतर वाढली.

या वाक्याशी थोडं थांबू या. कायदा तोच, पोलीस तेच, कोठडीही तीच. पण एक जण बाहेर आला तेव्हा त्याला साहेबाला, सहकाऱ्यांना, शेजाऱ्यांना तोंड दाखवायचं होतं. दुसऱ्याकडे गमावण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. अटकेतून त्याने फक्त राग घरी आणला. ट्रॅव्हिस हिर्शी या समाजशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच प्रश्न उलटा फिरवला होता: माणूस गुन्हा का करतो हे राहू द्या, बहुतेक माणसं तो का करत नाहीत? त्याचं उत्तर होतं, नाती. घर, काम, शाळा, ज्यांचं मत आपल्याला महत्त्वाचं वाटतं अशी माणसं. हे धागे जिथे तुटलेले असतात, तिथे शिक्षेची भीती कशाला धरून उभी राहणार?

मिलवॉकीची गोष्ट इथे संपली नाही. २३ वर्षांनी संशोधकांनी त्या प्रयोगातल्या पीडितांची माहिती पुन्हा काढली. ज्यांच्या जोडीदाराला त्या रात्री अटक झाली होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण, फक्त ताकीद मिळालेल्यांच्या तुलनेत, ६४ टक्क्यांनी जास्त होतं. बहुतेक मृत्यू खुनाचे नव्हते, आजारपणाचे होते. जिच्यासाठी अटक केली, तिच्याच आयुष्यावर अटकेचा असा ओरखडा उमटू शकतो. मी हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

(पडद्यावर: शहराचा जुना नकाशा, त्यावर ठिपके.)

म्हणून माझं मत आहे, की हे दोन विषय पहिल्या वर्षापासून जोडीने शिकावेत. आधी यंत्रणा शिकून समाजशास्त्र शेवटी वरवर उरकलं, तर यंत्रणेच्या खिडकीतून दिसतं तेवढंच जग खरं वाटू लागतं. १९३९ मध्ये एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने आपल्याच व्यवसायबंधूंसमोर हे बोलून दाखवलं होतं. तुमचे सगळे सिद्धांत गरिबांच्या गुन्ह्यांवर उभे आहेत, कारण पोलिसांच्या नोंदवहीत तेवढेच येतात. त्याने अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांविरुद्धचे निकाल आणि आदेश गोळा केले. त्यांतले बरेचसे फौजदारी न्यायालयात पोचलेच नव्हते. पांढरपेशी गुन्हेगारी ही कल्पना तिथून रुजली. १९४९ मध्ये त्याचं पुस्तक आलं तेव्हा कंपन्यांची नावं वगळावी लागली. ती छापून यायला १९८३ उजाडलं.

उलट बाजूही सांगायला हवी. नुसतं समाजशास्त्र शिकणाऱ्याला वस्ती दिसते, दारिद्र्य दिसतं, पण न्यायालयात एक ठरावीक माणूस उभा असतो आणि त्याने ठरावीक दिवशी काय केलं हेच तिथं सिद्ध करावं लागतं. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांनी शिकागोच्या नकाशावर बालगुन्हेगारीचे ठिपके मांडले. वस्त्यांमधली माणसं बदलत गेली, एका देशातून आलेली गेली, दुसऱ्या देशातली आली, तरी त्याच भागांत दर चढाच राहिला. फार मोठा शोध होता हा. पण नकाशावरच्या ठिपक्याला जामीन देता येत नाही. ते काम कुणीतरी शिकावंच लागतं.

दोन्हीकडे शिकणाऱ्याची ओढाताण होते, हे खरं. एका तासाला हेतू आणि पुरावा, पुढच्या तासाला सरासरी आणि प्रवृत्ती. दोन्हीकडे उपयोगी पडतो तो संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचा पेपर, आणि नेमका तोच विद्यार्थी टाळतात. पुढच्या वाटा पोलीस दल, बालसुधारगृह, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, वकिली, संशोधन अशा अनेक आहेत.

(पडद्यावर: तळघर. दिव्याच्या उजेडात खोक्यांची रांग.)

आता शेवटचं दृश्य. १९८०च्या दशकात जॉन लॉब या अभ्यासकाला हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात जुनी खोकी सापडली. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या जोडप्याने बॉस्टनमधल्या ५०० बालगुन्हेगारांचा आणि तशाच परिस्थितीतल्या ५०० इतर मुलांचा अभ्यास केला होता, त्याचे हे कागद. एकेका मुलाच्या नावाने पोलिसांची नोंद, शिक्षकाचं मत, घरी जाऊन केलेली विचारपूस, सगळं एकत्र. आज आपण ज्याचे दोन विषय केलेत, ते एकाच खोक्यात होतं.

लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी ते कागद नव्याने मांडले, आणि मग त्या बालगुन्हेगारांना शोधायला निघाले. ती मुलं आता सत्तरीला आलेली. ५२ जण भेटले, बोलले. आयुष्याला वळण कुठे लागलं, असं त्यांना विचारलं. कुणी बायकोचं नाव घेतलं, कुणी सैन्यातल्या दिवसांबद्दल बोललं, कुणी हाताला मिळालेल्या कायमच्या कामाबद्दल. काहींच्या आयुष्याला तसं वळण कधी आलंच नव्हतं. तेही बोलले, आणि त्यांचं बोलणंही तितक्याच काळजीने टिपून घेतलं गेलं.