मारव्यातला षड्ज

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘सौंदर्यानुभव : तत्त्वज्ञान आणि मेंदूविज्ञान’ असा छापलाय. मेंदूकडे येतोच, पण आधी मारवा राग.

मारव्यात पंचम वर्ज्य. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर गायक रेंगाळत राहतो आणि षड्ज, म्हणजे ‘सा’, टाळतो. मागे तंबोऱ्याचा जोड षड्ज सांगत असतो, हा त्याला शिवत नाही. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. तर, एका सभागृहात (नाव घेत नाही, पुढच्या वर्षी तिथे माझं व्याख्यान ठरतंय) एक बाई मारवा गात होत्या. विलंबित एकताल, अतिशय संथ बढत. निषादावरून आता वर येणार, सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं, आणि विंगेतून माइकवर आवाज : ‘पांढरी स्विफ्ट गेटसमोर लावलीय, ज्यांची असेल त्यांनी कृपया बाजूला घ्यावी.’

माझी गाडी पांढरी नाही. स्विफ्टही नाही. तरी माझा हात खिशातल्या किल्लीवर गेला! पुढच्या रांगेतले एक गृहस्थ अर्धवट उठून परत बसले. बाई षड्जावर पोचल्या म्हणे. आमच्यापैकी कुणाला पत्ता नाही. मध्यंतरानंतर सात जणांना शाल-श्रीफळ झालं, त्यावर मी बोलत नाही, डॉक्टरांनी मनाई केलीय.

आता, तत्त्वज्ञ अभिनवगुप्ताने हजारेक वर्षांपूर्वी काश्मिरात भरताच्या नाट्यशास्त्रावर भाष्य लिहिताना रसाच्या, म्हणजे कलेच्या आस्वादाच्या, आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे आपल्याच सुखदुःखाने गुरफटून जाणं. पांढरी स्विफ्ट, दुसरं काय! आणि 1790 साली तिकडे जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो की सौंदर्याचा आनंद निरपेक्ष असतो, वस्तू माझ्या कामाची आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दोघांचे रस्ते वेगळे, पण ‘मी आणि माझं’ बाजूला सारल्याशिवाय काही हाती लागत नाही, यावर एकमत.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं? बरं, पाच.

मग भरभर सांगतो. 2011 साली लंडनमध्ये इशिझू आणि झेकी या मेंदूशास्त्रज्ञांनी लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून चित्रं दाखवली, संगीत ऐकवलं. (त्या यंत्राची खडखड ऐकली असती तर अभिनवगुप्ताने आठवं विघ्न लिहिलं असतं.) दोन्हींत जे सुंदर वाटलं त्याला मेंदूचा एकच भाग प्रतिसाद देत होता; डोळ्यांच्या खोबणींच्या वर, मधोमध. सापडलं सौंदर्य? थांबा. तो भाग चविष्ट खाल्ल्यावर आणि पैसे मिळाल्यावरही जागा होतो. सुखद आणि सुंदर यांत कांटने जो फरक केला, तो नुसत्या जागेवरून ओळखता येत नाही.

मला जास्त पटतो तो त्याच वर्षीचा मॉन्ट्रियलचा प्रयोग. लोकांनी स्वतःच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत आणलं होतं. काटा येण्याआधी, नुसत्या अपेक्षेत, मेंदूच्या एका भागात डोपामिन हे रसायन सुटत होतं. प्रत्यक्ष क्षणी दुसऱ्या भागात. वाट पाहणं हा आनंदाचाच भाग आहे, हे मारवा गाणाऱ्याला शिकवायची गरज नाही.

पण 2012 साली न्यूयॉर्कमध्ये एक पंचाईत झाली. सर्वांत जास्त भिडलेली चित्रं पाहताना मेंदूतलं जे जाळं जागं झालं, ते एरवी आपण स्वतःविषयी विचार करताना जागं असतं! मग ‘मी’ गेला कुठे? माझ्या मते तो जात नाही, जायलाही नको. अभिनवगुप्तही सहृदयाच्या, म्हणजे रसिकाच्या, मनात मुरलेल्या वासनांवरच (म्हणजे जुन्या अनुभवांच्या संस्कारांवरच) रस उभा करतो, म्हणजे रसिकाचं जगणं त्याला हवंच आहे. नको आहे ती गाडीची किल्ली. आता या दोन ‘मीं’मधला फरक स्कॅनरने दाखवावा. माझ्या माहितीत तसा प्रयोग झालेला नाही. इथे कुणी न्यूरॉलॉजिस्ट बसले असतील तर चहाच्या वेळी मला गाठा.

मर्ढेकरांच्या लयतत्त्वावर बोलेन असंही पत्रिकेत आहे. ते पुढच्या खेपेला, आयोजकांनी बोलावलं तर.