एक्सपीवर पायथन ३.८

(दृश्य : हिरव्या टेकडीचा वॉलपेपर, कॅमेरा मागे सरकत पूर्ण टेबल दिसतं)

हा पडदा तुमच्या ओळखीचा असेल. विंडोज एक्सपी. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट थांबवला. हा कॉम्प्युटर मात्र अजून रोज सुरू होतो. त्याच्या आत एक कार्ड बसवलंय आणि कार्डाची वायर शेजारच्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात जाते. त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि विंडोज यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम, एक्सपीनंतरच्या विंडोजसाठी निघालाच नाही. दिवा लागतो, प्रकाशाचे रंग फोडणारं ग्रेटिंग फिरतं, आकडे येतात. यंत्र धडधाकट आहे.

अडलंय ते एका अक्षरापाशी.

(दृश्य : काळी खिडकी, सिंटॅक्स एररची ओळ)

अवतरणचिन्हाच्या आधी आलेलं हे ‘एफ’ पाहा. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा. मजकुरातच आकडे भरायची ही सोय तिच्या ३.६ या आवृत्तीत आली आणि आजच्या प्रोग्राममध्ये ती पावलोपावली दिसते. एक्सपीवर अधिकृतपणे चालणारी शेवटची आवृत्ती मात्र ३.४. तिला हे अक्षर कळत नाही. मोजमापं तपासणारा नवा प्रोग्राम पहिल्याच ओळीत थांबतो.

मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट असेल तोवरच त्या विंडोजला नव्या आवृत्तीत जागा, असा पायथनचा नियम आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये ३.५ आली तेव्हा एक्सपी त्यातून वगळली गेली होती. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पाने आणखी किती ओझं वाहायचं? निर्णय रास्तच होता. पण पायथनचा सोर्स कोड, म्हणजे त्याचं मूळ लिखाण, सगळ्यांसाठी खुला आहे आणि परवाना त्यात बदल करू देतो. कीबोर्डवर हे जे हात दिसताहेत, त्यांनी नेमकं तेच केलं.

(दृश्य : हेक्स एडिटर, अगदी जवळून)

त्यांनी निवडली ३.८. ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, म्हणजे एक्सपीपासून त्यातल्या त्यात जवळची. तयार फाइल एक्सपीवर उघडली तर ‘हे वैध विन३२ ॲप्लिकेशन नाही’ एवढंच उत्तर मिळतं. कारण इथे आहे, फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या नोंदीत : ०६ ००, ०० ००. किमान विंडोज ६.०, म्हणजे व्हिस्टा. त्या जागी ०५ ००, ०१ ००, म्हणजे एक्सपीचा ५.१ लिहिलं की दार उघडतं. दार उघडलं, एवढंच.

(दृश्य : डिपेन्डन्सी वॉकर, लाल खुणांची यादी)

फंक्शन म्हणजे विंडोजने प्रोग्रामना पुरवलेली तयार सोय. ३.८ ला लागणारी, इथे लाल दिसणारी फंक्शनं एक्सपीत नाहीतच. गेटफायनलपाथनेमबायहँडल, क्रिएटसिम्बॉलिकलिंक. आणि हे, ज्याने सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या : गेटटिककाउंट६४.

कॉम्प्युटर सुरू होऊन किती मिलिसेकंद झाले, एवढंच हे फंक्शन सांगतं. एक्सपीत त्याचा थोरला भाऊ आहे, गेटटिककाउंट, पण तो ३२ बिटांचा. ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. हिशेब केला तर ४९ दिवस १७ तास. रोज बंद होणाऱ्या कॉम्प्युटरला याचं काही नाही. पण हा महिनोन्‌महिने चालू असतो आणि याच फंक्शनवर चालणारं पायथनमधलं एक घड्याळ कधीही मागे जाणार नाही, असा शब्द पायथनने दिलेला आहे.

(दृश्य : वहीचं पान, पेन्सिलीने काढलेले दोन चौकोन)

उपाय वहीत आधी उतरला. मागच्या वेळी मिळालेला आकडा लक्षात ठेवायचा. नवा आकडा त्याहून लहान आला, म्हणजे फेरा पूर्ण झाला. मग ६४ बिटांच्या आकड्याच्या वरच्या अर्ध्या भागात एक वाढवायचा. दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममधली समांतर चालणारी दोन कामं, एकाच क्षणी विचारायला आले तर तोच फेरा दोनदा मोजला जाईल, म्हणून भोवती एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. मग तपासायचं कसं? ४९ दिवस कोण वाट पाहणार? त्यांनी मोजणीच शेवटच्या मिनिटापाशी सुरू केली.

(दृश्य : पडद्यावर धावते आकडे. आठ सेकंद निवेदन नाही)

गेला. पुढेच गेला.

बाकीचं त्यामानाने सोपं. थ्रेडना एकमेकांसाठी थांबवायची जुनी तजवीज सोर्समध्ये अजून शिल्लक होती, ती चालू केली. दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी सिम्बॉलिक लिंक एक्सपीत नाहीच, तिथे सरळ एरर द्यायची. कम्पाइल केलं, म्हणजे सोर्सची चालणारी फाइल बनवली, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ मधल्या एक्सपीच्या टूलसेटने, म्हणजे त्यासाठीच्या अवजारांच्या संचाने. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तसा टूलसेट दिला नाही.

(दृश्य : भिंतीवरचं सॉकेट, जमिनीवर मोकळी पडलेली नेटवर्क केबल)

एक्सपीला आता सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, ३.८ ला २०२४ पासून मिळत नाहीत. म्हणून ही केबल काढलेली आहे.

(दृश्य : तोच प्रोग्राम, तीच ‘एफ’ची ओळ. एंटर)

दिवा लागला. ग्रेटिंग फिरतंय.

(दृश्य : पडद्यावर डावीकडून उजवीकडे उमटत जाणारा आलेख, मग त्यांचा चेहरा. यंत्राचा आवाज तसाच राहू द्यावा.)