हिशेब तपासणाराच हात मारतो तेव्हा…

नमस्कार मंडळी! आपल्या कॅगसाठी, म्हणजे सरकारचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांसाठी, तुम्ही कधी मतदान केलंय का? नाही ना! त्यांना राष्ट्रपती नेमतात, राज्यघटनेचं कलम १४८. अमेरिकेत मात्र बऱ्याच राज्यांत ऑडिटर चक्क निवडणूक लढवतो. पक्षाचं तिकीट, प्रचार, सगळं आलं. मिसुरी राज्यात तर ही गव्हर्नरपदाची पायरीच. पण आज त्याच्या शेजारच्या इलिनॉय राज्याबद्दल बोलू, कारण तिथले दोन ऑडिटर म्हणजे कमाल आहेत.

पहिला, जेम्स शील्ड्स. साल १८४२. तेव्हा ऑडिटर विधिमंडळ निवडायचं, जनतेचं थेट मतदान नंतर आलं. राज्याची बँक बुडाली, तसं शील्ड्सनं फर्मान काढलं, या बँकेच्या नोटा कर भरायला चालणार नाहीत, सोनं-चांदी आणा. आणि लोकांच्या खिशात नेमक्या त्याच नोटा! विरोधी पक्षाच्या एका वकिलानं ‘रिबेका’ नावाच्या खेडवळ बाईच्या आडून पेपरात पत्र लिहिलं आणि साहेबांची यथेच्छ टर उडवली. हा वकील कोण? अब्राहम लिंकन! शील्ड्सनं द्वंद्वाचंच आव्हान दिलं. हत्यार ठरवायचा हक्क लिंकनचा. त्यानं मागितल्या घोडदळाच्या लांब तलवारी. स्वतः सहा फूट चार इंच, समोरचा बराच बुटका. वकिली डोकं हो! २२ सप्टेंबरला दोघं मिसिसिपी नदीतल्या बेटावर पोचलेही, पण मंडळींनी मध्ये पडून मिटवलं.

दुसरा, ऑर्व्हिल हॉज. १९५२ ला लोकांनी निवडून दिलेला. आता इथे नीट लक्ष द्या. राज्याच्या तिजोरीतून पैसे काढायचे तर जे वॉरंट लागतं, म्हणजे सरकारी चेक समजा, ते काढायचं याच ऑफिसनं. हॉजनं काय केलं? ज्यांना आपल्या नावानं वॉरंट निघालंय याची गंधवार्ताही नाही, अशांच्या नावे वॉरंटं काढली, मागे खोट्या सह्या ठोकल्या आणि शिकागोच्या साउथमूर बँकेत वटवली. पंधरा लाख डॉलरच्या वर रक्कम! गाड्या काय, विमानं काय! १९५६ मध्ये ‘शिकागो डेली न्यूज’नं भांडं फोडलं, तेव्हा गडी पुन्हा निवडणुकीला उभा होता. बारा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पेपरला पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं.

इलिनॉयनं १९७० च्या राज्यघटनेत हे पदच मोडीत काढलं. आता वॉरंट काढतो कंट्रोलर, तो निवडून येतो. हिशेब तपासतो ऑडिटर जनरल, त्याला विधिमंडळ दहा वर्षांसाठी नेमतं, तेही दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं मिळाली तरच.