नाव ठाऊक नसलेला माणूस सापडायचा कसा?

(बेळगावातल्या एका वाचनालयात रविवारी संध्याकाळी झालेलं हे बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवताना तेच तेच आलेलं तेवढं काढलं, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, "ऑनलाइन कलाकार : शोधावेत की चाळावेत?" अक्षर सुरेख आहे, ज्या मुलीनं लिहिलंय तिनं खडूनं कोपऱ्यात एक छोटा मोबाईलपण काढलाय, जाताना बघून जा.

सुरुवातीला जरा हात वर करा. तुमचं सगळ्यात आवडतं यूट्यूब चॅनल आठवा, रेसिपीचं असू दे, गाण्याचं असू दे, शेतीचं असू दे. ते तुम्ही नाव टाइप करून शोधलं होतं का? ... तीन जण. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं? ... अरे, निम्मी खोली. आपोआप समोर आलं? बाकी सगळे, बरोबर. आणि आपण स्वतः हिंडत हिंडत, ह्याच्यावरून त्याच्यावर जात गेलो आणि तिथं पोचलो, असं कुणाचं? ... मागं एक ताई आहेत. ताई, कार्यक्रम संपला की लगेच जाऊ नका, तुमच्याशी काम आहे.

मी 1988 ते 2009 शहापुरात कॅसेटचं दुकान चालवलं. इथल्या काही जणांनी तिथं उधारी पण केलीय, त्यांनी घाबरू नये, वही पावसात भिजली. तर दुकानात गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं यायचं. एक यायचं ते नाव घेऊनच, "कुमार गंधर्वांची भजनं द्या", पैसे, कॅसेट, चालले. कुमारजी म्हणजे आपल्या सुळेभावीचे, 8 एप्रिल 1924 चा जन्म, त्यांचं नाव सांगायला इथं कुणाला शिकवावं लागत नाही. दुसरं गिऱ्हाईक यायचं आणि काही बोलायचंच नाही. रॅकसमोर उभं राहायचं आणि एका बोटानं कॅसेटी पुढं ढकलत जायचं, टक, टक, टक, प्लास्टिकच्या डब्या एकमेकींवर आपटायच्या. त्या आवाजावरून मला काउंटरवर पाठमोरं बसूनसुद्धा कळायचं, हा माणूस थांबला, ह्याला काहीतरी दिसलं.

आणि मी काय करायचो, कुमारजींच्या बाजूलाच खानापूर तालुक्यातल्या एका भजनी मंडळाची कॅसेट ठेवायचो. कार्तिकातल्या काकड आरतीला देवळात छोट्या टेपवर रेकॉर्ड केलेली, आत मधेच एकाचा खोकला, बाहेर बैलाच्या घुंगराचा आवाज, कव्हर झेरॉक्सचं, नाव हातानं लिहिलेलं. पन्नास कॉप्या. कुमारजींना शोधायला आलेल्याचं बोट बाजूला सरकायचं आणि त्याला ही मंडळी भेटायची. ह्याच्यात माझी हुशारी काही नाही, रॅकची आहे.

1996 च्या दिवाळीआधी एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. काचेचं शोकेस फुकट देतो म्हणाला, आतून लाइट, अट एवढीच की पुढं फक्त त्यांचा माल, बाकीचा काउंटरच्या मागं, गिऱ्हाईक मागेल तसा काढून द्यायचा. दुकान चकाचक दिसणार म्हणून मी खूश. दिवाळी झक्क गेली, खोटं कशाला सांगू. खरं शिमग्याच्या वेळी मागची खोकी आवरताना बघतो तर भजनी मंडळाच्या अडतीस कॉप्या तशाच, वर धूळ. त्याच आठवड्यात त्यांचे पखवाजवाले आजोबा एसटीनं आले, धोतर, खांद्यावर टॉवेल, शोकेससमोर उभं राहून बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, "आमची कुठं ठेवलासा?" मी म्हटलं, मागं आहे आजोबा, कुणी मागितली की देतो. ते म्हणाले, "मागतील कसं गा? नावच ठाऊक नाही की त्येंना."

रागावले नव्हते. खरंच विचारत होते. मला उत्तर देता आलं नाही, मी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. शोकेस मी दुसऱ्या दिवशी काढलं, कंपनीच्या माणसानं चार महिने माल उशिरा दिला, तो भाग वेगळा. पण त्या अडतीसपैकी वीसेक पुढच्या आषाढीपर्यंत गेल्या. एक प्राथमिक शाळेचे गुरुजी कुमारजींची न्यायला आले होते, ही घेऊन गेले आणि चार दिवसांनी आणखी तीन न्यायला आले, बहिणींना द्यायला.

हे एवढं लांबवलं कारण आज फोनमधल्या सर्चच्या चौकोनाकडं बघितलं की मला ते काचेचं शोकेसच दिसतं. मागितलं तर मिळेल. सगळं आहे आत, जगातलं सगळं, पण मागायला नाव पाहिजे. आणि ज्यांची नावं माहीत आहेत त्यांना आपल्या मागण्याची गरज सगळ्यात कमी.

बरं, नाव नसलं तर शब्द टाकून बघू. आमची भाची बेळगावचा कुंदा घरी करायचा म्हणून शोधायला बसली आणि "द" च्या जागी "ड" पडला, "कुंडा" झालं. उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यात कुंडा नावाचं गाव आहे, विधानसभेचा मतदारसंघ आहे, तिला तिथल्या निवडणुकीच्या सभा दिसायला लागल्या, दूध इकडं आटून चाललंय. एका अक्षराची गोष्ट. आणि आपल्या गावाचंच घ्या की, कुणी बेळगाव लिहितं, कुणी अनुस्वार देऊन बेळगांव, हिंदीवाले बेलगाम, 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्यांची तर दोन स्पेलिंगं. मशीन आताशा बरंच समजून घेतं, मी नाही म्हणत नाही. पण देवनागरीत टाइप केलं की कितीतरी शब्दांना हिंदीचा ढीग आधी येऊन पडतो, लिपी एकच ना, आणि हिंदीत व्हिडिओ किती. आपली इथली मराठी, करालोय-बघालोय वाली, तिच्यासाठी टाइप तरी काय करायचं?

आता वडगावचा माणूस सांगतो, आणि मग मुद्द्यावर येतो. वडगावात चहाच्या गाड्यावर बसलो होतो, दोन पोरं एका मोबाईलवर डोकं घालून भांडत होती, फणीवरून. फणी म्हणजे साडी विणायच्या मागाची, ज्याच्यातून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे जातात ती. मी म्हटलं काय बघालासा रे, तर त्यांनी फोन माझ्याकडं वळवला. व्हिडिओत माणसाचं तोंडच नाही, नुसते दोन हात. माग थांबवलेला, शेजारचा कुणाचा तरी चालू, त्याची खडखड ऐकू येते. ताण्याचा एक धागा तुटलाय. तो बोट जिभेला लावतो, तुटलेली दोन टोकं चिमटीत घेऊन एक पीळ, मग बारीक आकड्यानं तो धागा फणीच्या फटीतून असा ओढून घेतो, आणि तेवढ्यात मराठीतून कन्नडमध्ये जातो आणि परत मराठीत येतो, सांगतो की इथं घाई केलीस तर सगळ्या साडीभर रेघ येते. सव्वा मिनिट. मी तीनदा बघितला.

घरी येऊन शोधायला गेलो. "माग", "साडी विणणे", "वडगाव", "तुटलेला धागा", काही नाही. परत त्या पोरांकडून लिंक मागवली तेव्हा कळलं. त्या विणकराच्या व्हिडिओंना नावंच नाहीत! फोन फाइलला आपोआप जे नाव देतो ते, व्हीआयडी आणि पुढं तारखेचे आकडे. एक्केचाळीस व्हिडिओ, एक्केचाळीस आकडे. खाली वर्णन नाही, काही नाही. मी त्यांना जाऊन भेटलो, म्हटलं अहो नाव द्या, लोकांना सापडायला नको? ते म्हणाले, "नाव काय द्यायचं, बघणाऱ्याला दिसतंय की."

बघणाऱ्याला दिसतंय. पण शोधणाऱ्याला दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, मग फीड आहे की, सर्च कशाला, वर सरकवत बसलं की येतंच. इथं माझं ठाम मत आहे आणि ह्याच्यासाठीच मी आज आलोय. फीड म्हणजे चाळणं नव्हे. रॅक चाळताना रॅक मी लावलेला असतो, सगळ्यांसाठी एकच, आणि बोट तुमचं. फीड म्हणजे मी तुमच्या मागं मागं फिरतोय, कुठल्या कॅसेटवर किती वेळ थांबलात ते लिहून घेतोय, आणि रात्रीत दुकान तुमच्यासाठी वेगळं लावतोय, शेजाऱ्यांसाठी वेगळं. 2012 साली यूट्यूबनं व्हिडिओ किती वेळा उघडला ह्याच्यापेक्षा किती वेळ बघितला ह्याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली. 2018 मध्ये त्यांच्याच बड्या अधिकाऱ्यानं सांगितलं की लोकांच्या बघण्यातला 70 टक्क्यांहून जास्त वेळ शिफारशींवरचा असतो. इन्स्टाग्रामनं 2016 मध्ये पोस्टचा वेळेनुसार क्रम सोडला. आणि 2023 पासून, तुम्ही यूट्यूबला तुमची हिस्टरी, म्हणजे काय काय बघितलंत त्याची नोंद, ठेवू दिली नाहीत तर होमचं पान जवळजवळ कोरंच येतं. म्हणजे मागं फिरू देत नसाल तर दुकानाचं शटर खाली.

फीडचे उपकार मी नाकारत नाही. 2020 मध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स, म्हणजे ते छोटे व्हिडिओ, आले ते आधी भारतातच, आणि त्याच्यामुळं खेड्यातली कितीतरी पोरं-बायका दिसायला लागली, कालपर्यंत शून्य बघणारे आणि आज लाखभर. पण लाखभर बघतात आणि कुणाला त्या बाईचं नाव विचारलं तर सांगता येत नाही. बोट वर सरकलेलं असतं. व्हिडिओ भेटला, माणूस भेटला नाही.

पूर्वी असं नव्हतं. 1994 मध्ये स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी, जेरी यांग आणि डेव्हिड फिलो, वेबसाइटींची यादीच केली, विषयवार, त्याचं पुढं याहू झालं. माणसं बसून साइट बघायची आणि कुठल्या कप्प्यात टाकायची ते ठरवायची. मग 1998 मध्ये गूगल आलं, कुणाकडं किती जण बोट दाखवतात, म्हणजे लिंक देतात, त्यावरून क्रम लावला, आणि कप्पे मागं पडले. याहूची ती यादी 2014 च्या डिसेंबरात बंद झाली. स्वयंसेवकांनी चालवलेली डीमॉझ नावाची होती ती 2017 मध्ये. यूट्यूबचं ट्रेंडिंगचं पान, चांगलं-वाईट कसंही असो पण देशभर सगळ्यांना एकच दिसायचं, ते 2025 मध्ये काढलं. एकेक रॅक उचलून नेला.

(चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. अजून निम्मं राहिलंय... बरं, पळवतो.)

वाचनालयात उभा आहे म्हणून रंगनाथनांचं नाव घेतलंच पाहिजे. तमिळनाडूतल्या शियाळीचे, मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, पुढं 1962 मध्ये आपल्या बंगळुरात संशोधन केंद्र काढलं. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. सर्च हे दुसऱ्या नियमाचं काम आहे, ते झकास करतं. तिसरा नियम म्हणजे पखवाजवाल्या आजोबांचा प्रश्न, आणि त्यासाठी रंगनाथनांचा आग्रह होता की कपाटं उघडी ठेवा, वाचकाला आत फिरू द्या.

मग फोनमध्ये फिरायचं कसं. भराभर सांगतो. आवडलेला व्हिडिओ संपला की वर सरकवू नका, चॅनलच्या नावावर दाबा आणि त्याच्या घरात जा, सगळ्यात जुना व्हिडिओ बघा. काही जण तिथं स्वतःला आवडणारी दुसरी चॅनलं लावतात, तो दरवाजा आहे, पलीकडं जा. खाली सबस्क्रिप्शनचं बटण आहे, तिथं फक्त तुम्ही निवडलेली माणसं येतात, रोज आधी तिथं जा, होमवर नंतर. सर्च करायचंच तर फिल्टरमध्ये जाऊन फक्त चॅनल निवडा, म्हणजे व्हिडिओंच्या गर्दीऐवजी माणसं दिसतात. इन्स्टाग्रामवर ठिकाणाचं नाव टाका, खानापूर, निपाणी, येळ्ळूर, आणि त्या ठिकाणाच्या पानावर कोण काय टाकतंय ते बघत बसा, त्याला मी गल्लीतनं चालणं म्हणतो. आणि जे व्हिडिओ करतात त्यांना हात जोडून सांगतो, नाव द्या हो, गावाचं नाव घाला, मराठीत घाला, इंग्रजी अक्षरांतही घाला, कन्नडमध्ये पण घाला, आपला शेजारी त्यातच शोधणार.

आणि मुख्य गोष्ट, जिच्यासाठी बोलावणं मागून घेतलं होतं. ग्रंथपाल बाईंशी बोलणं झालंय, दाराजवळच्या टेबलावर एक जाड वही ठेवलीय. क्रम गावाचा, मग विषयाचा, कलाकाराचं नाव सगळ्यात शेवटी, कारण ते कुणाला ठाऊकच नसतं. मराठी, कन्नड, कोकणी, जे आपल्या भागातलं असेल ते. बाजूला चॅनलच्या क्यूआरचं चिकटपत्र लावायला जागा सोडलीय, बाई छापून देतात. अट एकच, स्वतः किमान पाच व्हिडिओ बघितल्याशिवाय कुणाचं नाव लिहायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी इथल्या टीव्हीवर त्यातले तीन लावायचे, कुणाचे ते आधी सांगायचं नाही.

पहिल्या पानावर वडगाव, खाली विणकाम, आणि एकच ओळ. काल त्यांना दाखवायला नेली होती वही. त्यांनी स्वतःची ओळ वाचली, मग पान उलटलं, पुढचं कोरं, त्याच्या पुढचं कोरं, आणि मला म्हणाले, आमच्या गल्लीत मांडे करणारी एक बाई आहे, तिचंपण आहे चॅनल, लिहू काय? मी म्हटलं पाच बघितलासा का? म्हणाले, सगळे.

पेन दोरीनं बांधलंय, नेऊ नका. ताई, तुम्ही आधी या.