देवता उठून चालू लागते

फ्रान्समधल्या बोर्दोच्या संग्रहालयातलं हे चित्र १८२६चं. तुर्की वेढ्यात ग्रीकांचं मिसोलोंघी शहर पडलं, त्यावर फ्रेंच चित्रकार यूजीन देलाक्रवानं काढलेलं. ग्रीस देशच बाईच्या रूपात ढिगाऱ्यावर गुडघा टेकून आहे, हात पसरलेले. आता खाली बघा. दगडांच्या फटीतून एका मेलेल्या माणसाचा हात बाहेर आलाय. तो हात नसता, तर ही बाई नुसती पुतळा वाटली असती.

जुलै १८३०. पॅरिसमध्ये तीन दिवसांच्या उठावानं सत्ता उलथली. देलाक्रवा त्यात लढला नव्हता. देशासाठी लढलो नाही, निदान चित्र तरी काढीन, असं त्यानं भावाला कळवलं.

आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात या, त्या उठावावरच्या त्याच्या ‘जनतेचं नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता’ या चित्रासमोर. कॅनव्हास २६० बाय ३२५ सेंटीमीटर. चार वर्षांपूर्वी गुडघे टेकलेली बाई इथे अनवाणी चालतेय; एका हातात फ्रान्सचा निळा-पांढरा-लाल तिरंगी झेंडा, दुसऱ्यात संगीन लावलेली बंदूक. रचना त्रिकोणाची: टोकाला झेंडा, पायथ्याशी प्रेतं. हे त्यानं चित्रकार झेरिकोच्या १८१९च्या ‘मेड्युसाचा तराफा’वरून उचललं. त्या चित्रातल्या एका पालथ्या देहासाठी पोझ देलाक्रवानंच दिली होती! पण तराफ्यावरची माणसं आपल्याकडे पाठ करून दूरच्या जहाजाला हाका मारतात. इथली गर्दी थेट आपल्या अंगावर येते. देलाक्रवाची खरी झेप मला इथे दिसते.

रंगांतही तो बदलला होता. १८२७च्या ‘सार्डानापालसचा मृत्यू’मध्ये त्यानं लाल रंग सगळीकडे उधळला होता. इथे सगळीकडे धुराचा करडा, आणि त्यातून झेंड्याचा लाल उसळतो. देवतेच्या पायाशी वर बघणाऱ्या तरुणाच्या कपड्यांत तेच रंग परत येतात: निळा सदरा, कमरेला लाल पट्टा.

हे सगळं कित्येक वर्षं नीट दिसतच नव्हतं. वॉर्निश पिवळं पडलं की वरून नवा हात दिला जाई. चित्र काही काळ उजळे, मग तो थरही पिवळा पडे. असे आठ थर साचले. पिवळ्या थराखाली पांढरा मळका दिसतो, निळा हिरवट होतो आणि धुरातली खोलीच मरते. २०२३-२४मध्ये लूव्रनं ते थर उतरवले. देवतेचा पिवळा समजला जाणारा झगा मुळात फिकट करडा निघाला, वर पिवळ्याचे मोजके फटकारे. आणि डावीकडे खाली, फरसबंदीच्या उखडलेल्या दगडांत, दगडाच्याच रंगात हरवलेला एक जुना बूट.