चारशे टक्के झूम केल्यावर रॉमध्ये काय दिसतं

[दृश्य: जवळजवळ काळी फ्रेम]

खुर्चीच्या पाठीवर टाकलेला एक काळा स्वेटर, जाड लोकरीचा, शेजारी एकच टेबल लॅम्प, आणि एक्स्पोजर मुद्दाम चार स्टॉप खाली, एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा. आत्ता स्क्रीनवर जवळपास काहीच दिसत नाहीये, तुमचा मॉनिटर बरा आहे, काळजी नको. आता रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चार स्टॉप वर उचलूया. आणि चारशे टक्के झूम.

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली, चित्र तयार होण्याआधीची जवळपास कच्ची माहिती, आणि ती साठवायचे दोन फॉरमॅट इथे समोरासमोर आहेत. डावीकडे लॉसलेस सिनेमाडीएनजी, म्हणजे काहीही न गमावता दाबलेला, उजवीकडे ब्लॅकमॅजिक रॉ १२:१, म्हणजे बाराव्या हिश्शात दाबलेला. डावीकडे नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, भरपूर आहे पण बारीक आहे, वाळूसारखा, आणि त्याच्या मागून विणीचा एकेक टाका मोजता येतो. उजवीकडे नॉइज कमी वाटतोय, पहिल्या नजरेला हेच छान दिसतं, पण नीट बघा, तो गेलेला नाही, त्याच्या गुठळ्या झाल्यात, आणि दोन-तीन ठिकाणी टाके एकमेकांत मिसळून नुसता काळसर डाग उरलाय.

कॅमेरा एकच आहे, ब्लॅकमॅजिक कंपनीचा पॉकेट ४के. हे मुद्दाम सांगतोय, कारण नेटवर रॉ विरुद्ध रॉ म्हणून जे चालतं त्यात कितीदा तरी एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यासमोर उभा केलेला असतो, म्हणजे सेन्सर वेगळा, सेन्सरसमोरचे फिल्टर वेगळे, रंगांचं गणित वेगळं, आणि निकाल मात्र फॉरमॅटच्या नावावर. २०१९ मध्ये ह्या कॅमेऱ्यात फर्मवेअर अपडेटने ब्लॅकमॅजिक रॉ आला आणि सिनेमाडीएनजी गेला, म्हणून एकदा जुनं फर्मवेअर टाकून आणि एकदा नवं टाकून शूट केलंय. लेन्स, लॅम्प, स्वेटर, काही हलवलं नाही.

मुळात रॉ दाबायची गरजच का पडते? गणित करून बघा. ४०९६ गुणिले २१६० फोटोसाइट, म्हणजे सेन्सरवरचे प्रकाश टिपणारे ठिपके, प्रत्येकाला १२ बिट, सेकंदाला २४ फ्रेम. सेकंदाला साधारण ३१८ एमबी, तासाला ११०० जीबीच्या वर. ८:१ केलं की तोच तास १४३ जीबीत बसतो. आणि सिनेमाडीएनजीत प्रत्येक फ्रेम ही वेगळी फाईल असते, मिनिटाला १४४० फाईली, त्या कॉपी करत बसणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

प्रत्येकाने ह्यावर आपापला तोडगा काढलाय. आरी ह्या कॅमेरा कंपनीने आपला आरीरॉ दाबलाच नाही, १२ बिट लॉग, त्यांच्या अलेक्सा ३५ कॅमेऱ्यावर १३ बिट. रेडने २००७ मध्ये रेड वनसोबत वेव्हलेट कॉम्प्रेशन कॅमेऱ्यातच आणलं आणि त्याचं पेटंट असं धरून ठेवलं की २०१९ मध्ये खुद्द ॲपलने त्याला आव्हान दिलं आणि हात हलवत परत आले. सोनीचा एक्स-ओसीएन १६ बिट लिनियर. ॲपलचा प्रोरेस रॉ आणि ब्लॅकमॅजिक रॉ दोन्ही २०१८ चे.

लिनियर आणि लॉग हा भाग मात्र कंटाळा न करता ऐका. लिनियर आणि लॉग म्हणजे प्रकाशाचे आकडे लिहायच्या दोन पद्धती, लिनियरमध्ये प्रकाश दुप्पट तर आकडाही दुप्पट. १२ बिट म्हणजे ४०९६ पायऱ्या. लिनियरमध्ये सगळ्यात वरचा एकटा स्टॉप त्यातल्या २०४८ खातो, त्याच्या खालचा १०२४, मग ५१२, असं निम्मं निम्मं होत आठव्या स्टॉपला पोचेपर्यंत हातात फक्त १६ पायऱ्या राहतात. आपला स्वेटर तिथेच कुठेतरी खाली पडलाय. लॉग त्याच पायऱ्या जरा न्यायाने वाटून देतं, म्हणून नुसता बिटचा आकडा बघून दोन फॉरमॅट तोलू नका, १२ बिट लॉग आणि १२ बिट लिनियर ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता शार्पनेस, ज्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. हा बारीक चौकड्यांचा शर्ट बघा. सिनेमाडीएनजी जास्त कुरकुरीत दिसतोय, आणि लोक म्हणतात बघा, खरा रॉ हाच. पण कॉलरपाशी या, चौकड्यांवर जांभळी-हिरवी झाक आहे, ती शर्टात नाही. सेन्सरवरच्या प्रत्येक फोटोसाइटला एकच रंग दिसतो, ब्राइस बायर ह्यांच्या १९७६ च्या पेटंटमधली जाळी, निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे, बाकीचे रंग डीबेयर नावाचं गणित अंदाजाने भरतं. सिनेमाडीएनजीत हा अंदाज सगळाच्या सगळा सॉफ्टवेअर करतं, ब्लॅकमॅजिक रॉमध्ये त्यातलं थोडं काम कॅमेऱ्यातच उरकलेलं असतं आणि चित्र जरा मऊ होऊन येतं. त्याला थोडं शार्पनिंग दिलं की दोघांतला फरक बराचसा मिटतो. जांभळी झाक मात्र काढता काढता नाकी नऊ येतात.

[दृश्य: वाऱ्यात हलणारं झाड]

पानं. कॉम्प्रेशनची खरी परीक्षा इथे, कारण १२:१ मध्ये प्रत्येक फ्रेमला ठरलेलाच कोटा मिळतो, समोर कोरी भिंत असो की हजार पानं. थांबवून बघा, कडेची पानं चिकटल्यासारखी झालीत. हाच शॉट ब्लॅकमॅजिक रॉच्याच क्यू० सेटिंगवर घेतला, तिथे क्वालिटी पक्की आणि फाईलची साईझ मोकळी, तर पानं सुटी राहिली, पण कार्ड इतक्या लवकर भरलं की शेवटचा टेक अर्ध्यातच थांबला.

आणि हा परत तोच स्वेटर, ह्या वेळी एक्स्पोजर नीट. दोन्ही क्लिपची नावं बदलून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ओळखायला बसलो. डावीकडची सिनेमाडीएनजी असं छातीठोकपणे सांगितलं. मग फोल्डर उघडला, तर ती १२:१ निघाली.